किल्ली परत घ्या

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या घरांतही आता हातोहाती मोबाईल आहे. नड आली की आपण कर्जाचे ॲप घेतो, गूगल खात्याने आत शिरण्यासाठी बोट दाबतो. पुढे ॲप काढून टाकले की सुटलो, असे समजतो. इथेच फसगत होते, असे आम्हास वाटते.

बोट दाबताच गूगल त्या ॲपला टोकन देते. टोकन म्हणजे किल्ली. पासवर्ड न सांगताही, आपण होकार दिलेली माहिती तिने उघडते. ॲप पुसले तरी किल्ली त्यांच्याकडेच! भाडेकरू गेला, किल्ली घेऊन गेला.

म्हणून गूगल खात्यात 'सुरक्षा' उघडावी, बाहेरच्या ॲपशी असलेल्या जोडण्या पाहाव्यात, नको ती तोडावी. मग किल्ली निकामी होते. आधी नेलेली माहिती मात्र त्यांच्याकडे राहते. कर्जाच्या ॲपने संमती मागे घेण्याची व माहिती पुसायला लावण्याची सोय ग्राहकाला दिलीच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच बजावले आहे. ती मागणी लेखी करावी. जोडणी तोडल्याने कर्ज मात्र फिटत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शिकल्यासवरल्या लेकरांनो, या रविवारी आई-वडिलांचा फोन घेऊन त्यांच्याशेजारी बसा.