बॅज गाडीचा नाही, चिऊचा

गेल्या शनिवारी एका मित्राचा फोन आला. पुण्याच्या कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आता तोही इकडे इंग्लंडमध्ये आहे. त्याचा मुलगा दीड वर्षाचा. फार लवकर जन्मला, अजून ऑक्सिजनवर आहे. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग एकदम आवाज खाली घेऊन म्हणाला, "तुम्ही चिऊसाठी तो ब्लू बॅज घेतला होता ना रे? व्हिसाला काही त्रास नाही ना झाला?"

आता आवाज खाली कशाला? घरात तो, त्याची बायको आणि पोरगा. पोराला ऑक्सिजन लागतो हे तिघांनाही माहीत आहे :) पण हसलो नाही. चिऊच्या वेळी मीही हाच प्रश्न एकाला असाच कुजबुजत विचारला होता. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कुणालातरी नुसती लिंक पाठवता येईल.

ब्लू बॅज म्हणजे अपंग माणसाची गाडी जवळ लावता यावी म्हणून कौन्सिल देते तो परवाना. आल्फ मॉरिस नावाच्या खासदाराने आणलेल्या १९७० च्या कायद्यातून तो आला. १९७१ मध्ये सुरू झाला तेव्हा नारिंगी होता, २००० पासून निळा. इंग्लंडमध्ये फी जास्तीत जास्त १० पौंड.

तीन वर्षांखालच्या मुलांचा नियम मात्र वेगळा आहे, आणि मला तो आवडतो. मोठ्या माणसाला विचारतात, किती चालता येतं? तान्ह्या बाळाला हे काय विचारणार? सगळीच बाळं कडेवर. म्हणून तिथे दोनच गोष्टी बघतात. सहज उचलून नेता येत नाही असं अवजड वैद्यकीय सामान मुलाबरोबर कायम न्यावं लागतं का? किंवा वेळ आलीच तर लगेच उपचार करता यावेत, दवाखाना गाठता यावा, म्हणून मुलाला कायम गाडीजवळ ठेवावं लागतं का? दोन्हींपैकी एक पुरे. पहिल्यात ऑक्सिजन येतो, सक्शन मशीन येतं, फीडिंग पंप येतो, खुब्याच्या सांध्यासाठी घातलेलं ते मोठं प्लास्टरसुद्धा येतं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने एकदा तरी असं मूल गाडीतून उतरवलं असणार असं मला उगाच वाटतं.

आता व्हिसा. आपल्यासारख्या वर्क व्हिसावाल्यांना 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते. मुलांना मिळणारा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स त्या पब्लिक फंड्सच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या वाटेला जाता येत नाही. ब्लू बॅज त्या यादीत नाही. बॅज म्हणजे पैसे नव्हेत, गाडी लावायची परवानगी आहे. भत्ता नसल्याचा तोटा पुढे जाणवतो. तीन वर्षांनंतर त्या भत्त्यातला चालण्याफिरण्याचा वरचा दर मिळत असेल तर बॅज आपोआप मंजूर होतो. आपल्याला कागदपत्रं, तपासणी, सगळं करत बसावं लागतं. रस्ता लांबचा आहे, बंद नाही.

पण खरं सांगू का, व्हिसा हे निमित्त होतं. अर्धा तास लागेल एवढा ऑनलाइन फॉर्म, तो भरायला मला तीन आठवडे लागले. आपल्या मुलीला काय जमत नाही ते एकेका चौकटीत टाईप करायचं, आणि तेही समोरच्याला पटेल असं! मी लिहिलं, 'प्रकृती झपाट्याने सुधारत आहे, वजन वाढत आहे, अत्यंत हसरी आहे.' बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे काय, स्थळाला पाठवायचा बायोडेटा आहे का?"

मग तिने बसून लिहिलं. गाडी थांबली की आधी सिलिंडर काढायचा, मग मॉनिटर, मग बॅग, मग प्रॅम उघडायची, मग चिऊ. नळी दारात अडकू नये म्हणून एकाने दार पूर्ण उघडं धरून उभं राहायचं. साधी पार्किंगची जागा २.४ मीटर रुंद असते. शेजारी गाडी असेल तर दार निम्मंच उघडतं. अपंगांसाठीच्या जागेला बाजूला १.२ मीटरचा पट्टा जास्त असतो. आम्हाला हवा होता तो एवढाच, १.२ मीटर. हे 'कायम' का? तर हो, घराबाहेर पडलो की दर वेळी. मी त्या 'कायम'वर अडलो होतो कारण कधीमधी तासभर ती ऑक्सिजनशिवाय राहायची. पण तो तासभर घरात, आमच्या डोळ्यांसमोर. इंजिनियर माणसं अव्हरेज केस सांगून मोकळी होतात. फॉर्म वर्स्ट केस विचारत असतो.

सांगलीहून आईचं वेगळंच. "पोरीच्या नावावर असलं काही लावून घेऊ नका. उद्या तिच्या लग्नात कुणी काढलं तर?" मी तिच्याशी वाद घातला नाही. तिने ज्या गावात आयुष्य काढलं तिथे खरंच काढतात. फक्त म्हटलं, आई, सिलिंडर तर दिसतोच आहे सगळ्यांना.

माझा स्वतःचा अडथळा तिसराच होता. आपण खऱ्या गरजूची जागा अडवतोय असं वाटायचं. त्यात एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक आजोबा तरातरा आले. "ही अपंगांची जागा आहे, लेकुरवाळ्यांची तिकडे." त्यांच्या हातात काठी. मी न बोलता मागचं दार उघडून सिलिंडर बाहेर काढला. ते सॉरी म्हणाले, दोनदा. त्या दिवशी राग आला होता, आता येत नाही. ते जागेची राखण करत होते, उद्या चिऊसाठीही केलीच असती. मीही तेच करायला हवं. चिऊ गाडीत नसताना बॅज वापरणं गुन्हा आहे, हजार पौंडांपर्यंत दंड होतो. एकदा भर पावसात एकटाच दूध आणायला गेलो होतो. बॅज डॅशबोर्डवर, समोरची जागा रिकामी, आणि मनात विचार आला, खोटं कशाला सांगू. पार टोकाला गाडी लावली आणि भिजत गेलो. उलट बाजूही आहे. मामाच्या गाडीतून जायचं असेल तर बॅज चिऊबरोबर त्या गाडीत जातो. नाव आणि फोटो तिचा आहे, गाडीचा नंबर त्यावर नसतोच.

तीन वर्षांखाली मिळालेला बॅज तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी संपतो. तोवर चिऊचा दिवसाचा ऑक्सिजन सुटला होता, फक्त रात्री लागायचा. पुन्हा अर्ज केला नाही, बॅज कौन्सिलला परत पाठवला. बायकोने त्याआधी तिच्या फोटोचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला. नाकात नळी, आणि बघते आहे कॅमेऱ्याकडे रागाने.

मित्राला म्हटलं, शनिवारी ये. दवाखान्याची पत्रं आण, पोराचा एक सरळ बघतानाचा फोटो आण, आणि वहिनींना घेऊन ये. फॉर्म त्यांना भरू दे, तू चहा कर.