वाट सांगावी, दार झाकावं

“भिवंडीत धावायचं? अहो, इथे चालायला जागा नाही!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. त्यात धावण्याच्या वाटा नकाशावर टाकून चार जणांना दाखवतो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली.

आक्षेप पोकळ नाही. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अॅपने नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा जागतिक हीटमॅप काढला. पुढच्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं, की अफगाणिस्तान-सीरियातल्या काळोखात काही आकृत्या लख्ख उजळल्यात. त्या होत्या लष्करी तळांवर सैनिकांनी मारलेल्या फेऱ्या. पण तिथे घात झाला तो कुणी वाट सांगितली म्हणून नव्हे. कुणी न ठरवताच सगळं सांगितलं गेलं, म्हणून. सांगणं आणि सांडणं यांत फरक आहे. नोंदीची सुरुवात आणि शेवट झाकायची सोय त्याच अॅपमध्ये आहे. माझी रेघ घरापासून नाही, नाक्यापासून सुरू होते आणि दोन दिवसांनी चढते. एकट्या धावणाऱ्या बाईने तर आपली रोजची वेळ कुणालाच कळू देऊ नये, हे मला शंभर टक्के मान्य. पण दिवे कुठे बंद आहेत, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, हे आधी कळण्याची सर्वांत जास्त गरजही तिलाच.

“वाट जाहीर केली की गर्दी होते” असं डोंगरवाल्यांनी म्हणावं. पूर्णा-काल्हेरच्या गोदामांमधल्या रस्त्यावर पहाटे दहा माणसं धावू लागली, तर मी पेढे वाटीन. दिखाऊपणाचा आरोप मात्र निम्मा खरा. किती मिनिटांत किती किलोमीटर, ही बढाई दुसऱ्याच्या काय कामाची?

कामाचं काय, ते सांगतो. कामतघरच्या वऱ्हाळदेवी तलावाकडून अंजूरफाट्याकडे निघा. पडद्यावर सरळ, देखणी रेघ दिसते. प्रत्यक्षात कडेला कंटेनर लागलेला असतो, क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत “आने दो, आने दो” ओरडत असतो आणि तुम्ही मेट्रोचा खांब आणि चाक यांच्या बेचक्यात सापडता. एकदा असाच मी उघड्या गटारावरून उडी मारली. घोटा महिनाभर सुजला. त्या दिवशीची माझी रेघ आजही निर्दोष दिसते! म्हणून रेघेखाली दोन ओळी हव्यात: डावी बाजू धरा, पावसात नको, अमुक गाळ्यापुढे झाकण नाही. लंडनमध्ये 2004 साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप असाच तर भरत गेला. जो जिथे चालतो, त्याने तिथलं लिहायचं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हीटमॅपवर अंधार दिसला की आपण समजतो, तिथे कुणी जात नाही. या गावात रात्रपाळी सुटते तेव्हा यंत्रमागावरचे कामगार केसांत कापसाची पिंज घेऊन किती चालतात! त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही, म्हणून त्यांची रेघ नाही. घोटा बरा झाल्यावर त्यांच्यातल्याच एकाने मला कारखान्यांमागची गल्ली दाखवली. कंटेनर तिथे शिरूच शकत नाही. दोन्ही भिंतींमागे माग खडखडत असतात, पायाखाली जमीन थरथरते, पण पाऊल बिनधास्त टाकता येतं. ती वाट मी नकाशावर चढवली. अॅपने नाव विचारलं. मी त्या कामगाराला विचारलं, “इसको क्या बोलते हैं?”

“कुछ नहीं. पीछे से.”

तेच नाव दिलं.