शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत आउटर अखंड ठेवा

मे महिना संपायच्या आत एक काम करा. तुमची माउंटन बाइक भिंतीला टेकवून उभी करा आणि हँडलवरच्या उजव्या शिफ्टरपासून मागच्या डिरेलरपर्यंत गिअरच्या केबलवरून बोट फिरवत जा. बऱ्याच सायकलींवर असं आढळेल: शिफ्टरमधून निघालेलं काळं आउटर फ्रेमवरच्या पहिल्या स्टॉपपाशी संपतं. तिथून वरच्या नळीलगत नुसती वायर जाते. सीटखाली वळणापुरता आउटरचा एक छोटा तुकडा येतो. मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर पुन्हा उघडी वायर, आणि शेवटी डिरेलरमध्ये शिरणारा वाकलेला तुकडा. आउटरचे तीन तुकडे आणि त्यांची सहा तोंडं. काही फ्रेमवर केबल खालच्या नळीखालून जाते. तिथे तुकडे दोनच असतात, पण उघडी वायर पेडलच्या आसाखालच्या प्लास्टिकच्या खोबणीतून वळते आणि चाकानं उडवलेला चिखल नेमका तिथेच बसतो.

कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर, गोव्यात पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. यंदा केबल बदलाल तेव्हा हे तुकडे ठेवू नका. शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत एकच अखंड आउटर टाका. सहा तोंडांची दोन होतील. त्यातलं एक हँडलपाशी, चिखलापासून दूर असेल. लक्ष ठेवायला उरेल ते फक्त डिरेलरपाशी असलेलं दुसरं.

पाणी उघड्या वायरीवर पडलं की तिच्यावरूनच खाली ओघळतं आणि खालच्या तुकड्याच्या तोंडात शिरतं. या सगळ्या उताराचा शेवट म्हणजे डिरेलरजवळचा तो वाकलेला तुकडा. त्याच्या बाकात पाणी साचतं. जांभ्याची तांबडी माती इतकी बारीक असते की ती पाण्याबरोबर कुठेही जाते, आणि पाणी वाळलं तरी ती आतच राहते. त्यात कोणी तेल सोडलं तर माती आणि तेल मिळून वायर आणि आतली प्लास्टिकची नळी दोन्ही घासून काढतात. वायर स्टेनलेस असली तरी आउटरच्या भिंतीतल्या तारा बऱ्याचदा साध्या पोलादाच्या असतात आणि कापलेल्या तोंडाकडून गंजू लागतात. भर घालायला आपण घरी येऊन सायकलवर जोराचा पाइप मारतो. चिखल निघतो हे खरं, पण त्याच जोरानं पाणी सहाही तोंडांत घुसतं.

हा बिघाड ओळखायचा कसा, ते सांगतो, कारण त्यावर पैसे फार वाया जातात. सर्वसाधारण डिरेलरमध्ये मोठ्या चकतीवर साखळी चढवताना तुमचा अंगठा वायर ओढतो. अंगठ्यात ताकद असते, म्हणून वायर अडकत असली तरी गिअर पडतो. उलट, साखळी लहान चकतीवर उतरवताना वायर फक्त सुटते. तिला मागे खेचायचं काम डिरेलरमधली स्प्रिंग करते, आणि स्प्रिंगची ताकद ठरलेली असते. म्हणून चढवताना गिअर नीट पडतात, उतरवताना मात्र उशीर होतो, दोन क्लिक केल्यावर एकदम दोन गिअर उतरतात, असं व्हायला लागलं की आधी केबलवर संशय घ्या. मोजमापही समजून घ्या. आठ गिअरच्या शिमानो कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिलीमीटर असतं आणि एका क्लिकला वायर सुमारे २.८ मिलीमीटर सरकते. म्हणजे वायर अर्धा मिलीमीटर अडली, तर डिरेलर जवळपास एक मिलीमीटर चुकीच्या जागी उभा राहतो. नऊ-दहा गिअरच्या सायकलीत चकत्या आणखी जवळ असतात, तिथे एवढी चूकही चालत नाही. दुकानात नेल्यावर ‘डिरेलर गेलाय’ असं ऐकून लोक नवा डिरेलर घेऊन येतात, आणि जुनी, माती खाल्लेली केबल त्यालाच जोडली जाते. कृपा करून असं होऊ देऊ नका. आधी वायर आणि आउटर बदला, मग बाकीचं बघा.

मग कंपन्या तुकड्यांचीच फ्रेम का बनवत आल्या? मला यात बराच भाग जुन्या सवयीचा वाटतो. आउटर आणि आत सरकणारी वायर ही रचना अर्नेस्ट बोडेन यांच्या १८९६ च्या पेटंटपासून चालत आली आहे. जुनं आउटर म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी. ती ओढ बसली की थोडी दबते. अशा आउटरची लांबी जितकी कमी तितकं बरं, हे तेव्हा बरोबरच होतं. १९८४ मध्ये शिमानोनं क्लिक-क्लिक पडणारे गिअर ड्युरा-एसमध्ये आणले आणि केबलचं काम मिलीमीटरच्या अंशांवर आलं. त्यामुळे गिअरसाठी वेगळं आउटर आलं, ज्यात तारा गुंडाळलेल्या नसतात, लांबीच्या दिशेनं सरळ शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात. ते जवळजवळ दबतच नाही. लांबी वाढल्यानं नेमकेपणा जाईल ही भीती गिअरच्या आउटरला आता लागू नाही.

दुसरी शंका घर्षणाची. लांब आउटर म्हणजे जास्त घर्षण, असं अनेकांना वाटतं. घर्षण मुख्यतः वळणांवर होतं. वायर एकूण किती अंशांत वळली त्यावर ते ठरतं, सरळ नळीलगत ती किती लांब गेली यावर फारसं नाही. दोराला झाडाभोवती एक वेढा दिला की ओढणारा थकतो, तोच दोर जमिनीवर सरळ सोडला तर काही वाटत नाही. तेव्हा सरळ भागावर आउटर घालण्याचं भय बाळगू नका. काळजी वळणांची घ्या. राहिला वजनाचा प्रश्न. जास्तीच्या आउटरचं वजन पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाही.

तुकड्यांची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्टॉपला खाच असते. साखळी सर्वांत मोठ्या चकतीवर चढवून, पेडल थांबवून, शिफ्टर सगळा खाली सोडला की वायर सैल पडते. मग आउटर खाचेतून बाहेर काढून आतली वायर दोन मिनिटांत पुसता येते. अखंड आउटरमध्ये ही सोय नाही. आत जे गेलं ते गेलंच, वायर पूर्ण ओढून काढावी लागते. म्हणून जो वर्षभर कोरड्या रस्त्यावर चालवतो, पावसात सायकल बाहेर काढत नाही, त्यानं मूळ रचना खुशाल ठेवावी. माझं आवाहन चिखलात जाणाऱ्यांना आहे.

आता प्रत्यक्ष काम. गिअरचं ४ मिलीमीटर जाडीचं आउटर दोन मीटरच्या आसपास घ्या. नवी वायरही घ्याच. बाजारात मिळणारी सुमारे २१०० मिलीमीटरची वायर मध्यम फ्रेमला पुरते, उंच माणसाच्या मोठ्या फ्रेमवर आधी मोजून बघा. आउटर न कापता फ्रेमवर मांडा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आउटर कुठे ताणलं जाता कामा नये, आणि हँडलपुढे मोठा, ढगळ फासही लोंबता कामा नये. डिरेलरपाशी शेवटचा बाक गोल आणि सैलसर हवा. तिथे पाच सेंटीमीटर वाचवायला गेलात तर सगळ्या कामाचं मातेरं होईल.

कापायला केबल कटरच वापरा. पक्कडीनं आउटर चेपतं आणि आतली नळी बंद होते. कापलेलं तोंड कानशीनं सपाट करा, दाभणानं नळीचं भोक गोल मोकळं करा, मग टोपी घाला. डिरेलरच्या बाजूला शक्य तर आतून रबराची सील असलेली टोपी घ्या, कारण खालचं तोंड तेवढंच उरलं आहे. वायर भरताना जाड ग्रीस कोंबू नका, ते माती धरून ठेवतं. बोटाला पातळ तेल लावून वायर पुसून घेतली तरी पुरे.

फ्रेमला आउटर धरून ठेवायचं कसं, हा खरा अडचणीचा भाग. तुमच्या सायकलला मागे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर त्याची नळी आधीच अखंड गेलेली असते. बहुतेक वेळा तिच्याच वाटेनं, तिच्याच क्लिपांजवळ आउटर बांधता येतं. नसेल तर झिप टाय किंवा चिकटवायचे गाइड. झिप टाय आवळू नका, आउटर चेपलं की वायर आत घासते. बोटानं ढकलल्यावर आउटर टायमध्ये किंचित सरकलं पाहिजे. टायचं शेपूट नेलकटरनं अगदी सपाट कापा, नाहीतर मांडी सोलून निघते. जिथे आउटर फ्रेमला घासतं, विशेषतः हँडलखालच्या नळीवर, तिथे पारदर्शक टेप लावा. चिखलमाती मध्ये असली की आउटर रंग तर खातंच, कार्बनच्या फ्रेमला खोल ओरखडाही पाडतं. आणि घाटवाटांवर सायकल खांद्यावर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: आउटर वरच्या नळीच्या पोटाखाली नको, कडेला घ्या. तासभर सायकल वाहिल्यावर खांद्याला फरक कळतो.

जुन्या स्टॉपचं भोक फक्त वायरीपुरतं असतं, त्यातून आउटर जात नाही. मग काही जण ड्रिल घेऊन ते मोठं करतात. हे करू नका, आणि दुकानदार सुचवेल तरी करू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवरचा तो स्टॉप छोटा, वेल्ड केलेला असतो. आउटरला अडवणारी त्याची कड गेली की पुन्हा तुकड्यांवर परतायचा रस्ता बंद होतो, आणि वॉरंटीही जाऊ शकते. कार्बनच्या फ्रेमला तर ड्रिल लावायचा विचारही नको. आउटर स्टॉपच्या शेजारून न्या आणि स्टॉपलाच टायनं बांधा, काम तितकंच चांगलं होतं. स्टॉप स्क्रूनं बसवलेला असेल तर त्या जागी उघडा गाइड मिळतो का ते विचारा.

केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर आधी आत स्टॉप आहे का ते बघा. असेल तर अखंड आउटर जाणार नाही. नसेल आणि आउटर आधीच अखंड असेल, तर जुनं ओढून काढण्याची घाई करू नका. त्याच्या टोकाला नवं आउटर पातळ तारेनं जोडा आणि जुनं ओढत नवं आत घ्या. आत खडखड होत असेल तर आउटरवर फोमची नळी चढवा. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत शॉकमधली हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर दाबून बघा. सांध्याजवळ आउटर ताणलं जात असेल तर पहिल्याच मोठ्या दणक्यात ते डिरेलरमधून उपटेल.

पुढच्या डिरेलरचं वेगळं आहे. बऱ्याच पुढच्या डिरेलरना आउटर टेकवायला स्वतःची जागाच नसते, शेवटी फ्रेमवरचा स्टॉप लागतोच. तिथे स्टॉपपर्यंत आउटर अखंड न्या आणि त्यापुढची वायर उघडी राहू द्या.

ब्रेकबद्दल सांगतो ते नीट ऐका, हा जिवाचा प्रश्न आहे. गिअरचं आउटर ब्रेकला कधीही वापरू नका. त्यातल्या सरळ तारांना फक्त प्लास्टिकचं वेष्टण धरून ठेवतं. ब्रेक जोरात दाबला की ते फाटून आउटर फुटू शकतं, आणि जोरात ब्रेक आपण उतारावरच दाबतो. ब्रेकला गुंडाळलेल्या पट्टीचं, साधारण ५ मिलीमीटरचं आउटरच हवं. वायरनं चालणारा मागचा डिस्क ब्रेक चिखलाच्या अगदी जवळ असतो, तिथे मी अखंड आउटर घालतो. लिव्हर किंचित मऊ लागतो, तो मला चालतो. व्ही-ब्रेकला मात्र वरच्या नळीवरची वायर उघडी ठेवली तर दाब अधिक ठाम लागतो, म्हणून तिथे मी आग्रह धरणार नाही.

बसवून झाल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत गिअर थोडे सरकतील. आउटरची टोकं टोप्यांमध्ये घट्ट बसत असतात. शिफ्टरजवळचा किंवा डिरेलरवरचा ॲडजस्टर पाव-पाव वळसा फिरवून ते जुळवा. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये वायर एकदा पूर्ण ओढून काढा. खालच्या टोकाला ती तांबूस, खरखरीत लागली तर बदला. आउटर बाकी ठीक असेल तर त्यातच नवी वायर चालेल.

तालुक्याच्या गावात गिअरचं आउटर मिळेलच असं नाही. तिथे सायकलचं दुकान असलं तरी बहुधा ब्रेकचंच आउटर पुढे येईल. ते गिअरला तात्पुरतं घालून घरी पोहोचता येतं, गिअर तेवढे नेमके पडणार नाहीत. चार-पाच जण मिळून लांब निघणार असाल तर गिअरच्या आउटरचं दोन मीटरचं वेटोळं, एक वायर, चार टोप्या, मूठभर झिप टाय आणि छोटा केबल कटर एकाच्या तरी पाठपिशवीत असू द्या.