दादा कोंडके आणि शंभर रुपयांचे तिकीट

वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या चित्रपट-तिकिटावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. त्याहून महाग तिकिटावरील १८ टक्के तसेच राहिले. स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक म्हणजे सामान्य माणूस, तेव्हा या निर्णयाचे स्वागत करावयास हरकत नाही. प्रश्न एवढाच की, ज्या खिडकीवर हे तिकीट विकले जावयाचे ती खिडकी आज कोठे उरली आहे? गेल्या पंचवीस वर्षांत राज्यातील एकपडदा चित्रपटगृहे शेकड्यांनी बंद पडली. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील माणसाला ही करसवलत कागदावर मिळते, तिकीट मात्र मिळत नाही. या विसंगतीचा अर्थ समजून घेण्यासाठी दादा कोंडके यांच्या कारकिर्दीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. त्यांच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्यांच्या व्यवहाराविषयी फारसे नाही.

कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईच्या गिरणगावातील कामगार कुटुंबातला. बँडपथक, सेवादलाचे कलापथक आणि लोकनाट्य अशी त्यांची शाळा झाली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर नेले. १९६९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून ते पडद्यावर आले. येथपर्यंतचा प्रवास कोणाही गुणी नटाचा असू शकतो. वेगळेपण पुढे आहे. दुसऱ्याच्या चित्रपटातील भूमिकेची वाट पाहत न बसता १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ची निर्मिती त्यांनी स्वतः केली. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांनी आपल्या हाती घेतले.

चित्रपट काढणे ही अर्धीच लढाई असते, हा धडा ‘सोंगाड्या’ने लगेच दिला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागावयाचा होता. तेथे देव आनंद यांच्या हिंदी ‘तेरे मेरे सपने’ला पसंती देण्यात आली. शिवसेनेने रस्त्यावर येऊन हस्तक्षेप केला, तेव्हा कोठे मराठी चित्रपटाला मुंबईत पडदा मिळाला. या प्रसंगाची आठवण बहुधा अस्मितेच्या अंगाने काढली जाते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर तो वितरणाच्या मक्तेदारीचा प्रश्न होता. माल तयार होता, गिऱ्हाईक तयार होते, पण दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्याला या सौद्यात रस नव्हता. पुढे चित्रपट तुफान चालला. याचा अर्थ इतकाच की, त्या मध्यस्थाचा बाजाराविषयीचा अंदाज चुकला होता.

मराठी चित्रपटाची आणखी एक अडचण सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. १९६० मध्ये भाषिक राज्य झाले, तरी चित्रपट-व्यवसायाच्या नकाशात मराठी मुलूख एक झालाच नाही. पश्चिम महाराष्ट्र मुंबई विभागात, मराठवाडा निजाम विभागात आणि आपला वऱ्हाड सी. पी. बेरार विभागात, ही जुन्या राजवटींची वाटणी वितरकांनी तशीच चालू ठेवली. एका भाषेच्या चित्रपटाला तीन बाजारपेठांत तीन सौदे करावे लागत. ज्या खामगावच्या बाजारातून १८७० पासून रेल्वेच्या फाट्याने कापूस मुंबईकडे जात असे, त्याच खामगावकडे मुंबईचा मराठी चित्रपट यावयाचा, तर त्याला वेगळ्या मुलखाची सीमा ओलांडावी लागे. दादांनी शेतकरी, शेतमजूर आणि गिरणी कामगार हा प्रेक्षक धरला. हा प्रेक्षक तिन्ही विभागांत पसरलेला होता आणि वगाची, सोंगाची, बतावणीची भाषा त्याला शिकवावी लागत नव्हती. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले व त्याची नोंद गिनीज बुकात झाली, यामागे हा हिशेब आहे.

शासनाचा वाटाही नाकारता येणार नाही. १९७५ च्या सुमारास राज्य सरकारने मराठी चित्रपटाला करमणूक कर परत करण्याची योजना आणली. परताव्याचा पैसा पुढच्या चित्रपटात घालावा, अशी तिची कल्पना होती. या योजनेचा गुण असा की, मदत तिकीटविक्रीशी जोडलेली होती. ज्याचा चित्रपट लोक पाहतील त्यालाच अधिक परतावा मिळे. कोणता चित्रपट चांगला हे ठरविण्यासाठी समितीची गरज पडत नसे.

येथे एक आक्षेप येणारच. तिकीटखिडकीवर निवाडा सोपविला म्हणजे सवंगपणा बोकाळतो, आणि दादांचे द्व्यर्थी संवाद हाच त्याचा पुरावा होय, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. ‘पांडू हवालदार’मध्ये वर्दीतील माणसाच्या लाचखोरीवर नेमके बोट ठेवणारा विनोद पुढे पुढे शब्दांच्या कसरतीत अडकत गेला. स्त्री-पात्रे तर बहुधा त्या कसरतीचे साधन होऊन राहिली. यशाचा साचा कलावंताला कसा बांधून टाकतो, हे त्यांच्या नंतरच्या हिंदी चित्रपटांत स्पष्ट दिसते. तथापि आपण पांढरपेशांनी नाक मुरडताना एक विसरू नये. धोतर-बंडीतील भाबडा माणूस शहाण्यांची फजिती करतो, हे पाहून हसणारा प्रेक्षक केवळ चावटपणाला हसत नव्हता. कचेरीत, बाजारात आणि चावडीवर ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याची सरशी तो पाहत होता.

दादांचे १४ मार्च १९९८ रोजी निधन झाले. आज तसा कोणी उभा राहू शकेल काय? छायाचित्रणाची साधने स्वस्त झाली, तेव्हा चित्रपट काढणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. दाखविणे मात्र अवघड झाले आहे. राज्य सरकार चित्रपटाचा दर्जा ठरवून निर्मात्याला अनुदान देते. २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखविण्याचे बंधन घातले गेले. दोन्ही उपाय शहरातील पडद्यापाशी थांबतात. निर्मितीला आधार आणि प्रदर्शनाला वाऱ्यावर सोडणे, म्हणजे विहीर खणून दोर न देणे होय.

म्हणून मदतीचा रोख बदलला पाहिजे. तालुक्याच्या गावी शे-दीडशे खुर्च्यांची लहान चित्रपटगृहे काढणाऱ्यास स्वस्त कर्ज व वीजदरात सवलत द्यावी. नगरपालिकांची सभागृहे ठरावीक दिवशी मराठी चित्रपटांना खुली करावीत. अनुदानाचा काही भाग जिल्ह्यांतून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तिकिटांशी जोडावा.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव होते आणि तेव्हापासून वऱ्हाडचा शेतकरी देशाला दिसतो तो प्रामुख्याने आत्महत्येच्या बातमीत. त्याचे दुःख खरे आहे, परंतु तो दुःखापुरताच उरलेला नाही. सावकाराची, पुढाऱ्याची आणि साहेबाची टिंगल करण्याची त्याची ताकद शाबूत आहे. ती पडद्यावर यावयाची तर पडदा त्याच्या गावाजवळ असला पाहिजे. पाच टक्के कराच्या सवलतीला खरा अर्थ तेव्हाच येईल.