रक्तदाबाची वही

महिन्यातून एकदा दवाखान्यात पट्टा बांधायचा, आकडा बरा आला की गोळी बंद करायची, ही सवय आपल्याकडे फार आहे. पण रक्तदाब दिवसभर एकसारखा नसतो. झोपेत तो साधारण १० ते २० टक्के उतरतो, सकाळी जाग येताना चढतो. डॉक्टरांना पाहून काहींचा उगाच वाढतो. तर काहींचा दवाखान्यात ठीक, पण घरी व कामावर जास्त असतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दंडावर बांधायचे यंत्र घेऊन आठवडाभर सकाळी गोळीपूर्वी व संध्याकाळी, दोन-दोनदा रक्तदाब मोजावा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, दंड छातीच्या पातळीवर ठेवावा. आकडे तारीखवार वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल तर १४०/९० ची वाट पाहू नये. शंका उरल्यास डॉक्टर चोवीस तासांची तपासणी सुचवतात.

आकडा उतरला तो बहुधा गोळीमुळेच. ती आपल्या मनाने सोडणे म्हणजे अर्धांगवायूला आमंत्रण, हे वाचकांनी विसरू नये.