जेल हवे ते गुटख्याने जळलेल्या तोंडासाठी

इंदूरमध्ये बडा गणपतीचे दर्शन घेऊन मल्हारगंजकडे निघालेल्या माणसाला वाटेत पानटपरी लागली नाही, असे सहसा होत नाही. मध्य प्रदेशाने गुटखाबंदी साऱ्या देशाआधी, एप्रिल २०१२ मध्ये केली. बाजाराने लगेच पळवाट काढली: एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर मिसळते आणि गालात टाकते. काही वर्षांत गाल आतून ताठरतो, तोंडात उभी तीन बोटे मावेनाशी होतात आणि डॉक्टर टॉर्च घेऊन चट्टे शोधू लागतात.

‘स्मार्ट जेल’च्या बातम्या वाचताना हे तोंड डोळ्यांपुढे असावे. उष्णता, आम्लता किंवा प्रकाश ओळखून औषध सोडणाऱ्या हायड्रोजेलवर शोधनिबंधांचा पाऊस पडतो आहे. त्यातले बहुतेक उंदरांपाशीच थांबतात.

एक मात्र माणसापर्यंत पोहोचले. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या (मूत्रपिंडाचा निचरा-भाग आणि मूत्रवाहिनी यांतल्या) कर्करोगावर मायटोमायसिन पाण्यातून दिले, तर ते लघवीबरोबर वाहून जाते. तेच औषध थंड, पातळ जेलमध्ये मिसळून आत सोडले की अंगाच्या उबेने घट्ट होते आणि काही तास तिथेच विरघळत राहते. ‘जेल्मायटो’ नावाच्या या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. चाचणीतल्या ७१ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांची गाठ दिसेनाशी झाली. अनेकांची मूत्रवाहिनी आकसली, हेही तितकेच खरे.

आता लघवीच्या जागी लाळ ठेवा, की प्रश्न आपला होतो. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान ओल्या त्वचेला चिकटते; त्यात ग्लिसरोफॉस्फेट मिसळले तर उबेत गोठतेही. म्हणजे कच्चा माल कोकणच्या बंदरात पडलेला आहे! विद्याही आपल्याला परकी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांनी अशा जेलवर वर्षानुवर्षे काम केले. २०१२ मध्ये माशेलकर, आशिष लेले आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ज्याचे तुटलेले तुकडे आम्लात आपोआप जुळतात, असे जेल जगापुढे ठेवले.

मानेच्या गाठींपर्यंत गेलेला कर्करोग जेलने बरा होईल, असे मात्र कोणी सांगू नये. तिथे जेल हा शस्त्रक्रियेला पर्याय नाही. जेलची कसोटी घ्यायची ती कर्करोगाआधीच्या चट्ट्यांवर, किंवा गाठ काढल्यावर उरलेल्या कडेवर.

ही कसोटी प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांनी मिळूनच घ्यायची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल एकत्र आले, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या रक्ताच्या कर्करोगावरच्या देशी कार-टी पेशी-उपचाराला मान्यता मिळाली. परदेशात त्याच जातीच्या उपचाराला कोटींचा खर्च येतो. इंदुरातही सिमरोलला आयआयटी आहे, शहरात एमवाय रुग्णालय आहे. जेलच्या पुढच्या प्रस्तावाला अनुदान देण्याआधी सरकारने एवढेच तपासावे, की त्यावर तोंडाचा कर्करोग रोज पाहणाऱ्या सर्जनची सही आहे की नाही.