विश्लेषण : वर्गमित्राने निबंध तपासला तर लेखन सुधारते का? प्रगतिपत्रकातील नव्या रकान्याचा अर्थ काय?

निबंधाखाली ‘छान’, ‘अक्षर सुधारा’ किंवा तारखेसह नुसती सही. मराठीच्या वहीतील हा शेरा बहुतेकांच्या परिचयाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आता शिक्षकांच्या जोडीला वर्गमित्रांचे मतही प्रगतिपत्रकात आणले आहे. लेखनासारख्या विषयात मुले एकमेकांना खरोखर काही शिकवू शकतात का, याबाबतचे संशोधन काय सांगते आणि हा बदल कागदावरच राहण्याचा धोका कुठे आहे, याचा आढावा.

धोरणात नेमके काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायींनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन असावे, असे म्हटले आहे. एनसीईआरटीअंतर्गत स्थापन झालेल्या ‘परख’ या केंद्राने या प्रगतिपत्रकाचे नमुने तयार केले. महाराष्ट्रात नव्या धोरणाची अंमलबजावणी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता पहिलीपासून सुरू झाली असून पुढील इयत्तांमध्ये ती टप्प्याटप्प्याने जाणार आहे.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मूल्यमापन म्हणजे कामाचा दर्जा ठरवणे. अभिप्राय म्हणजे ते काम पुढे कसे सुधारता येईल हे सांगणे. प्रगतिपत्रकातील रकाना पहिल्या गोष्टीसाठी आहे, पण लेखन सुधारते ते दुसऱ्या गोष्टीने.

शिक्षक असताना मित्र कशाला?

पहिले कारण वेळेचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे, तर सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. माध्यमिक वर्गात मात्र एका तुकडीत ६० मुले असणे नवे नाही. अशा तीन तुकड्यांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक निबंधाला पाच मिनिटे दिली, तरी १८० वह्यांना १५ तास लागतात. त्याच निबंधाचा सुधारित खर्डा पुन्हा वाचायचा तर ३० तास. इतर तास, परीक्षा आणि शाळाबाह्य कामे सांभाळून हे शक्य होत नाही. मग सही उरते.

दुसरे कारण वाचकाचे. अनुभवी शिक्षकाला विद्यार्थ्याने अर्धवट लिहिलेलेही कळते, कारण तो मनातल्या मनात रिकाम्या जागा भरतो. वर्गमित्राला ते जमत नाही. तो अडखळतो आणि ‘मला हे कळले नाही’ असे सांगतो. लिहिणाऱ्याला याच माहितीची गरज असते.

संशोधन काय सांगते?

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरील प्रयोगांचा एकत्रित अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध केला. मुलांनी मिळून आराखडा करणे, लिहिणे आणि सुधारणे या पद्धतीचा परिणाम त्यात ०.७५ इतका, म्हणजे शैक्षणिक प्रयोगांच्या मानाने मोठा आढळला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा लेखनाच्या दर्जावरील परिणाम मात्र उणे होता.

क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांचा २००९ मधील अभ्यास आणखी रोचक आहे. इंग्रजी शिकणाऱ्या ९१ विद्यार्थ्यांपैकी काहींना फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय द्यायला शिकवले, तर काहींना आलेल्या अभिप्रायानुसार लेखन सुधारायला. सत्राअखेरीस स्वतःच्या लेखनात अधिक प्रगती दिसली ती अभिप्राय देणाऱ्यांची. दुसऱ्याच्या परिच्छेदातील गोंधळ शोधण्याची सवय झाली की तोच गोंधळ आपल्याही लेखनात दिसू लागतो, हे त्यामागचे कारण मानले जाते.

पण प्रत्येक अभिप्राय उपकारक नसतो. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास केला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून हटून ‘मी हुशार की ढ’ याकडे वळले की अभिप्रायाची परिणामकारकता कमी होते, असे त्यांचे विवेचन आहे. रुथ बटलर यांच्या १९८८ मधील प्रयोगात केवळ लेखी टिप्पणी मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. टिप्पणीसोबत गुणही दिले तेव्हा हा फायदा दिसला नाही.

उपयोगी अभिप्राय कसा ओळखायचा?

समजा, आठवीतील मुलाने लिहिले : ‘पावसाळ्यात आमच्या गावात अनेक समस्या निर्माण होतात व त्यामुळे लोकांना खूप अडचणींना सामोरे जावे लागते.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही. ‘छान लिहिलेस’ किंवा ‘अजून सविस्तर लिही’ या दोन्ही शेऱ्यांनी त्यात काहीच बदलणार नाही.

त्याऐवजी मित्राने विचारले, ‘समस्या म्हणजे कोणती? तुझ्या घरी काय होते?’ तर दुसरा खर्डा असा होऊ शकतो : ‘ओढ्याला पाणी आले की आमची वस्ती तुटते. गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या मुलांची शाळा सहा दिवस बुडाली.’ शब्द साधे झाले आणि माहिती वाढली. मित्राने चूक दाखवली नव्हती, प्रश्न विचारला होता.

स्पष्टतेचे प्रश्न वाक्याच्या पातळीवरही असतात. ‘सुनीताने मीनाला तिची वही दिली.’ वही कुणाची? सुनीताची असेल तर ‘आपली’ हा शब्द गोंधळ मिटवतो. लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही.

अमेरिकी शिक्षक रॉन बर्जर अभिप्रायासाठी तीन अटी सांगतात : तो सौम्य असावा, नेमका असावा आणि उपयोगी असावा. आयडाहो राज्यातील पहिलीच्या एका मुलाने वर्गमित्रांच्या अशा सूचनांवरून फुलपाखराचे चित्र सहा टप्प्यांत कसे सुधारले, हे त्यांचे उदाहरण शिक्षकांमध्ये जगभर परिचित आहे.

दुसरा खर्डा का हवा?

अभिप्राय मिळाला, पण पुन्हा लिहायची संधीच नसेल तर तो वाया जातो. नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली. विद्यार्थ्यांसाठी सुधारणा म्हणजे प्रामुख्याने शब्द बदलणे होते. अनुभवी लेखक मांडणी तपासत, वाचकाचा विचार करत आणि प्रसंगी पूर्ण भाग काढून टाकत.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी म्हणणे कळते का, मग परिच्छेदांचा क्रम, त्यानंतर वाक्ये आणि शेवटी शुद्धलेखन. मराठी वर्गात बहुधा याच्या उलट घडते. ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात होते आणि तिथेच तपासणी संपते. दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पण ते एका बैठकीत, पहिल्याच प्रयत्नात लिहायचे असते. परीक्षेत दुसरा खर्डा नाही, म्हणून वर्गातही तो नसतो. परीक्षेत एकदाच नीट लिहिता यावे, यासाठी वर्षभर पुन्हा पुन्हा लिहिण्याचा सराव लागतो, हा विचार मागे पडतो.

धोके कोणते?

पहिला धोका हिशेबी मैत्रीचा. अभिप्राय प्रगतिपत्रकाला किंवा गुणांना जोडला की मित्राला ‘उत्तम’ आणि भांडण झालेल्याला ‘साधारण’ अशी वाटणी होऊ शकते. 

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. घरी आदिवासी भाषा किंवा प्रमाण मराठीपेक्षा वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाच्या लेखनात ती उतरते. ‘पानी’ लिहिणाऱ्याला वर्गाने हसले, तर तो पुढच्या वेळी कमी लिहील किंवा गाइडमधले उतरवील. त्याच्या लेखनातील अनुभव सर्वांत जिवंत असू शकतो, पण तो वर्गापर्यंत पोहोचणारच नाही. लाल पेन मित्राच्या हाती देण्याआधी काय बोलायचे नाही, हे ठरवणे त्यासाठी आवश्यक ठरते.

तिसरा धोका महाराष्ट्राने आधी अनुभवला आहे. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहिणे त्यात अपेक्षित होते. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि अनेक ठिकाणी त्याच उतरवल्या गेल्या. सहाध्यायींच्या रकान्याचेही असेच होऊ शकते.

हे काम एआयकडे सोपवले तर?

चॅटबॉट काही सेकंदांत परिच्छेद सफाईदार करून देतो. पण ओढ्याचे पाणी आणि बुडालेली शाळा त्याला माहीत नसते. ती माहिती मुलाकडूनच यावी लागते. शिवाय अभिप्राय देणाऱ्याचा जो फायदा संशोधनात दिसतो, तो यंत्राने अभिप्राय दिल्यास कोणत्याच विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रातही सहकाऱ्याने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासण्याची रीत आहे. मायकेल फॅगन यांनी आयबीएममधील अशी औपचारिक पद्धत १९७६ मध्येच मांडली होती. त्यात तपासणी कोडची असते, माणसाची नव्हे. निबंधालाही हाच नियम लागू पडतो.

शाळांना काय करता येईल?

यासाठी नवा निधी किंवा उपकरणे लागत नाहीत. महिन्यातून एका निबंधाचे दोन खर्डे, जोडीने वाचन आणि तीन ठरलेले प्रश्न एवढ्यावर सुरुवात होऊ शकते : यातले काय लक्षात राहिले, कुठे अडखळलो आणि आणखी काय जाणून घ्यायचे आहे. सुरुवातीला शिक्षकांनी एखादा निनावी परिच्छेद फळ्यावर घेऊन वर्गासमोर अभिप्राय देऊन दाखवावा लागेल. या टप्प्यावर गुण देऊ नयेत. शिक्षकांनी दुसरा खर्डा वाचताना पहिल्यापासून काय बदलले, एवढेच पाहिले तरी १८० वह्यांचा भार हलका होतो. प्रगतिपत्रकातील रकाना भरला की नाही, हे तपासणे प्रशासनाला सोपे आहे. वहीत दुसरा खर्डा आहे का, हे पाहिले गेले तरच या बदलाचा मुलांच्या लेखनाला उपयोग होईल.